फोटोतलं नाव: कॅमेऱ्यात भरावं की उतरवताना?

फोटो काढला की कॉपीराइट आपोआप निर्माण होतो. बर्न करारातल्या (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) देशांत त्यासाठी नोंदणी किंवा चिन्ह लागत नाही. तरीही फाइलीत नाव घालायचं, कारण फोटो चार हातांतून फिरून भलतीकडे पोचला की तो कोणाचा आणि परवानगी कोणाकडे मागायची, हे सांगायला दुसरं कोणी नसतं. हे नाव कॅमेऱ्यातच भरून ठेवायचं की कॉम्प्युटरवर फोटो घेताना, एवढंच ठरवायचं असतं. ‘नंतर सवडीने भरू’ हा तिसरा पर्याय मी धरतच नाही. ती सवड कधी मिळत नाही.

कॅमेऱ्यात भरणं हे एकदाच करायचं काम. कॅनन, निकॉन, सोनीच्या बऱ्याच डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांच्या मेनूत छायाचित्रकार आणि कॉपीराइट असे दोन रकाने मिळतात. ते भरले की पुढच्या प्रत्येक फोटोच्या एक्झिफमध्ये, म्हणजे कॅमेरा फाइलीत लिहितो त्या माहितीत, नाव आपसूक जातं, रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) असो वा जेपेग. समारंभ संपल्या संपल्या कार्ड दुसऱ्याच्या हाती सोपवावं लागत असेल, तर हा एकच फायदा पुरेसा आहे.

जागा मात्र तुटपुंजी. निकॉनमध्ये नावाला 36 आणि कॉपीराइटला 54 अक्षरं, कॅननमध्ये 63. लिपीही रोमनच. एकेक अक्षर निवडत बसायचं म्हणजे वैताग, म्हणून साल घालूच नका. जानेवारी उजाडला की ते शिळं होतं आणि बदलायचं राहून जातं. कॅमेरा भाड्याचा किंवा मित्राचा असेल तर आधी हे रकाने उघडून बघा, नाहीतर कष्ट तुमचे आणि फोटोंवर नाव त्याचं.

कॉम्प्युटरवर उतरवताना भरायचं तर हात मोकळा राहतो. लाइटरूम क्लासिक या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या इम्पोर्टमध्ये एकदा मेटाडेटा प्रीसेट, म्हणजे फोटोबद्दलच्या माहितीचा तयार साचा, बनवला की तो दर वेळी नुसता निवडायचा. फोटो मेकॅनिक हे सॉफ्टवेअर तर इन्जेस्ट करतानाच, म्हणजे कार्डावरून फोटो घेतानाच, माहिती भरतं आणि हवं असेल तर त्याच फेरीत दोन ठिकाणी प्रती ठेवतं. आयपीटीसीच्या (फोटोची माहिती लिहिण्याची प्रमाण पद्धत) रकान्यांत संपर्क, श्रेय, वापराच्या अटी सगळं मावतं, तेही देवनागरीत. पैसे घालायचे नसतील तर डिजीकॅम हे फुकट सॉफ्टवेअर आहे. कमांड लाइनची, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करण्याची, भीती नसेल तर एक्झिफटूल. एका आज्ञेत अख्खं फोल्डर उरकतं आणि मूळ फाइलींची प्रतही बाजूला राहते.

यात गोची होते ती रॉ फाइलींची. बरीच सॉफ्टवेअर रॉला हात न लावता माहिती शेजारच्या एक्सएमपी नावाच्या वेगळ्या छोट्या फाइलीत किंवा स्वतःच्या कॅटलॉगमध्ये ठेवतात. कोणाला नुसती रॉ पाठवली की तुमचं नाव घरीच राहिलं! कॅमेऱ्यात भरलेलं नाव अशा वेळी उपयोगी पडतं.

आता फोटो आणायचे कसे? माझं मत कार्ड रीडरला. कॅमेऱ्याची बॅटरी खर्च होत नाही आणि वेगही चांगला मिळतो: यूएचएस-1 प्रकारच्या एसडी कार्डाची कमाल मर्यादा सेकंदाला 104 मेगाबाइट, यूएचएस-2 ची 312. अर्थात रीडर आणि पोर्ट त्याच तोडीचे हवेत, यूएसबी 2.0 मध्ये लावलात तर कागदोपत्रीसुद्धा 60 च्या वर जाणार नाही. नव्या कॅमेऱ्यांची यूएसबी-सी केबलही ठीक, जुन्यांची रखडते. वायफायवर पूर्ण काम सोपवू नका. निकॉनचं स्नॅपब्रिज हे मोबाइल ॲप आपोआप आणतं ते सहसा 2 मेगापिक्सेलचे छोटे फोटो, मूळ फाइली नव्हेत. आणि फोल्डर नुसतं ओढून टाकलंत तर प्रीसेट लागत नाही, हे विसरू नका.

म्हणून माझा कौल दोन्हीला: कॅमेऱ्यात नुसतं नाव, बाकीचं इम्पोर्टमध्ये. एकच करायचं असेल तर कार्ड देऊन मोकळं होणाऱ्याने कॅमेऱ्यात भरावं, स्वतः एडिट करणाऱ्याने इम्पोर्टमध्ये.

लाइटरूममधून फोटो बाहेर काढताना कॉपीराइट आणि संपर्क एवढंच ठेवण्याचा पर्याय निवडलात तर नाव राहतं, जीपीएसने नोंदलेलं ठिकाण गळतं. व्हॉट्सॲपवर मात्र तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा; फोटो म्हणून पाठवला की सगळी माहिती पुसली जाते.