माहीम चर्चची बुधवारची नोव्हेना, तंबाखू सोडणाऱ्यांनी जरूर करावी

पाच स्टार. ज्यांना कसलं तरी व्यसन सोडायचंय आणि मन आवरत नाही त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये निरंतर साहाय्य मातेची, म्हणजे मरियामातेची नोव्हेना (नऊ वेळा करायची प्रार्थना) 1948 पासून दर बुधवारी चालू आहे, दिवसभर वेगवेगळ्या भाषांत असते, मराठीत पण, आणि लागोपाठ नऊ बुधवार करायची पद्धत आहे. माझ्या मते खरी ताकद या नऊ बुधवारांतच आहे.

दोन-तीन दिवसांच्या रिट्रीटमध्ये (प्रार्थना शिबिरात) माणूस भारावतो, रडतो, शपथ घेतो आणि सोमवारी ऑफिसखालच्या टपरीवर तीच पुडी तोच चुना. इथे आठवडाभर झगडायचं आणि बुधवारी पुन्हा मरियामातेसमोर येऊन उभं राहायचं. तलफ आली की हात आपोआप खिशाकडे जातो, डोकं चढतं, चिडचिड घरच्यांवर निघते, तेवढी पाच मिनिटं मी फक्त 'माझी कृपा तुला पुरेशी आहे' एवढंच पुटपुटत राहतो. बायबलमधल्या संत पौलाने आपल्या शरीरातला काटा, म्हणजे सततचा त्रास, काढ म्हणून प्रभूला तीनदा विनवलं, काटा काही निघाला नाही, मिळालं ते हे उत्तर. मला याचा लय आधार वाटतो, कारण तलफ येते म्हणजे आपला विश्वास कमी पडला असं होत नाही, ती आलेली असतानाच नको म्हणायचं बळ मागायचं असतं. बायबलमधल्याच गलतीकरांस पत्रात आत्मसंयम हे पवित्र आत्म्याचं फळ म्हटलंय, मग फळ धरायला वेळ लागणारच ना.

बाहेर मेणाचे हात, पाय, घर, बाळ सगळं विकायला असतं, ज्याचं जे मागणं ते. संयमासाठी काय घेणार, मी साधी मेणबत्ती लावतो. लोकांची आभाराची पत्रं वाचतात ती मात्र नीट ऐका, बाजूला बसलेले कितीतरी जण ख्रिस्ती पण नसतात.

गाडी आणू नका, माहीम स्टेशनवरून चालत या. आणि प्रार्थनेबरोबर तंबाखू सोडायची सरकारी हेल्पलाइन 1800-11-2356 पण लावा, फुकट आहे, त्यात विश्वास कमी होत नाही. पहिले काही बुधवार बायकोला नाहीतर मित्राला सोबत घ्या, वाटेत टपऱ्या बऱ्याच लागतात.