टेकला ते स्टॅड: स्टीलचं मॉडेल न्यायला कुठला रस्ता धरायचा?

टेकला म्हणजे स्टीलचं थ्रीडी डिटेलिंग करायचं सॉफ्टवेअर, स्टॅड म्हणजे स्ट्रक्चरचं अ‍ॅनालिसिस करायचं. टेकलातलं स्टीलचं मॉडेल स्टॅडमध्ये न्यायचं किंवा स्टॅडमधलं टेकलात आणायचं, तर आज पाच रस्ते हाताशी आहेत: डायरेक्ट लिंक, आयएसएम, आणि सीआयएस/२, एसडीएनएफ, आयएफसी हे तीन फाइल फॉरमॅट. कुठला घ्यावा हे ठरवायच्या आधी एकच प्रश्न स्वतःला विचारा, मॉडेल एकदाच न्यायचंय की डिझाइन चालू असताना दोन्हीकडून बदल येत राहणार आहेत? माझ्या मते निम्मा निर्णय तिथेच होतो, बाकीचं नंतर.

आणि बीमची रेघ कुठून जाते हा घोळ कुठलाच रस्ता आपोआप सोडवत नाही, म्हणून आधीच सांगतो. टेकलातला बीम म्हणजे खरा लोखंडी तुकडा, तो आपण टॉप ऑफ स्टीलला, म्हणजे वरच्या पृष्ठभागाच्या लेव्हलला लावतो. स्टॅडमधला बीम म्हणजे दोन नोडमधली (जोडबिंदूंमधली) रेघ, आणि ती सेक्शनच्या मध्यातून जाते असं धरलेलं असतं. आयएसएमबी ४०० (४०० मिमी उंचीचा भारतीय आय-सेक्शन) घेतलात तर वरच्या फ्लँजपासून मध्यापर्यंत २०० मिमीचा फरक. आमच्या एका पाइप रॅकमध्ये बीमची रेफरन्स लाइन वरच्या फ्लँजवर होती आणि ब्रेसिंग (तिरके मेंबर) बीमच्या सेंटरलाइनवर मारलेलं होतं, ते जसंच्या तसं स्टॅडमध्ये गेलं. कॉलमवर दोन नोड तयार झाले, एक बीमचा, एक त्याच्याखाली २०० मिमीवर ब्रेसचा. एरर काही आली नाही, कारण स्ट्रक्चर स्टेबलच होतं, फक्त ब्रेसमधला आडवा फोर्स त्या २०० मिमीच्या कॉलमच्या तुकड्यातून जायला लागला आणि तिथे मोमेंट चढला, कॉलमचा रेशो (येणारा भार भागिले ताकद) १ च्या वर गेला. आम्ही दोन दिवस कॉलमचा सेक्शन वाढवत बसलो होतो! मग कोणीतरी .एसटीडी फाइल नोटपॅडमध्ये उघडली आणि जॉइंट कोऑर्डिनेट्समध्ये ६.० आणि ५.८ अशा दोन लेव्हल एकाखाली एक दिसल्या.

आता डायरेक्ट लिंक. टेकलात अ‍ॅनालिसिस मॉडेल वेगळं बनतं, त्यात प्रत्येक पार्टची अक्षरेषा न्यूट्रल अ‍ॅक्सिसवर ठेवायची की रेफरन्स लाइनवर हे निवडता येतं, रिजिड लिंक टाकता येतात, सपोर्ट आणि रिलीज (मेंबरच्या टोकाला मोमेंट न घेणारे सांधे) तिथेच देता येतात. वरचा घोळ इथे दहा मिनिटांत निस्तरला असता. आलेले फोर्स परत पार्टवर आणून कनेक्शन डिझाइनला वापरता येतात ही मोठी सोय आहे. अडचण एकच पण दुखरी, टेकला, स्टॅड आणि लिंक तिघांची व्हर्जन जुळायला लागतात, एका ऑफिसने स्टॅड अपडेट केलं आणि दुसऱ्याने नाही केलं की काम थांबलं. दोन्ही सॉफ्टवेअर एकाच ऑफिसात असतील तर मी हाच रस्ता घेईन.

आयएसएम हा बेंटलेचा रस्ता, आणि स्टॅडही २००५ पासून बेंटलेचंच आहे. यात मधे एक रिपॉझिटरी असते, टेकला प्लगिनमधून तिला जोडतो. बदल झाला की सिंक्रोनायझरमध्ये जुनं आणि नवं शेजारीशेजारी दिसतं, कुठला बदल घ्यायचा आणि कुठला नाकारायचा ते तुम्ही ठरवता. मॉडेल येत-जात राहणार असेल तर ही गोष्ट सोन्यासारखी आहे, कारण बाकीच्या फायलींमध्ये दुसऱ्यांदा इम्पोर्ट केलं की कुठला मेंबर जुना आणि कुठला नवा याचा सहज पत्ता लागत नाही. उदाहरणार्थ, टेकलात १२ मीटरचा अख्खा कॉलम असतो, स्टॅडमध्ये त्याचे प्रत्येक लेव्हलला तुकडे होतात, परत येताना ते तुकडेच आले तर डिटेलरचं सगळं स्प्लाइस (कॉलमचे जोड) आणि नंबरिंग बोंबललं. पण शिकायला वेळ द्यावा लागतो, आणि समोरच्या पार्टीकडेही तीच सोय हवी.

सीआयएस/२ मुळात स्टीलसाठीच बनलं, युरोपातल्या सिमस्टील प्रोजेक्टमधून, लीड्स युनिव्हर्सिटीच्या कामातून, आणि अमेरिकेत एआयएससी या स्टील बांधकामाच्या संस्थेने ते उचलून धरलं. यात अ‍ॅनालिसिस मॉडेल आणि मॅन्युफॅक्चरिंग मॉडेल वेगवेगळं एक्सपोर्ट होतं, स्टॅडला न्यायचं तर पहिलं निवडा, चुकून दुसरं पाठवणारे मी पाहिलेत. लोड, रिलीज नेण्याची जागा या फॉरमॅटमध्ये आहे. एकदाच न्यायचं असेल आणि व्हर्जन जुळत नसतील तर हा माझा दुसरा पर्याय.

एसडीएनएफ प्लांटवाल्यांचं, साधी टेक्स्ट फाइल, मुख्यतः मेंबर, सेक्शन, ओरिएंटेशन. अ‍ॅनालिसिसचे लोड, सपोर्ट यातून मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका. पीडीएमएस (प्लांट डिझाइनचं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या क्लायंटने मागितलं तर द्यायचंच असतं, पण अ‍ॅनालिसिससाठी फक्त भूमिती मिळतेय हे धरून चाला.

आयएफसी, म्हणजे बिल्डिंगच्या सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये फिरणारं सामायिक फॉरमॅट, त्याबद्दल मात्र स्पष्ट बोलतो. स्कीमामध्ये स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिसचा भाग आहे, पण रोज जी २x३ कोऑर्डिनेशन व्ह्यूची फाइल फिरते तिच्यात सपोर्ट, रिलीज, लोड काही नसतं. क्लॅश (दोन वस्तू एकाच जागी येणं) बघायला, आर्किटेक्टला द्यायला उत्तम. तिच्यावरून अ‍ॅनालिसिस करायला निघू नका.

रस्ता कुठलाही घ्या, भारतीय सेक्शनसाठी कन्व्हर्जन फाइल (दोन्हीकडच्या सेक्शनच्या नावांची जोडणी) आधी नीट करा, टेकलात आयएसएमबी४०० जसं लिहिलंय तसंच समोरच्या टेबलात असेल असं नाही, एक स्पेस जास्त असली तरी मेंबर प्रॉपर्टीविना येतो. एनपीबी, डब्ल्यूपीबी या समांतर फ्लँजच्या सेक्शनना तर दोनदा तपासा. सिंगल अँगलच्या ब्रेसकडे विशेष लक्ष द्या, स्टॅड अँगलला प्रिन्सिपल अ‍ॅक्सिसवर बसवतो, म्हणून बीटा अँगल किंवा आर-अँगल (सेक्शन स्वतःभोवती फिरवायच्या कमांड) नीट दिला नाही तर अँगल तिरका उभा राहतो आणि थ्रीडी रेंडर लावल्याशिवाय ते डोळ्याला दिसतही नाही.

पूर्ण मॉडेल पाठवायच्या आधी एक बे (दोन कॉलममधला एक गाळा) पाठवून बघा, दोन कॉलम, एक बीम, एक ब्रेस, एक चॅनल. स्टॅडमध्ये फक्त सेल्फवेट लावून रिअ‍ॅक्शनची बेरीज करा आणि टेकलाच्या मटेरियल लिस्टमधल्या मेन मेंबरच्या वजनाशी ताडा. स्टॅड नोड ते नोड मोजतो आणि टेकला कापलेली लांबी, म्हणून थोडा फरक येणारच, पण तो ५ टक्क्यांच्या पुढे गेला की मी तिथेच थांबतो आणि आधी मेंबरची संख्या मोजतो, मग डुप्लिकेट नोड.