कुयी ८८.१ एफएम: होपींचा स्वतःचा रेडिओ
ॲरिझोनात हायवे २६४ वरून सेकंड मेसा या होपी गावाकडे जाताना फोनची रेंज गेली म्हणून गाडीतला रेडिओ लावला आणि हे स्टेशन सापडलं. होपी ही अमेरिकेतली तिथली मूळ रहिवासी जमात, त्यांच्या भाषेत कोणीतरी बराच वेळ बोलत होतं, मला ओ की ठो कळलं नाही तरी ऐकत बसलो, आणि मग एकदम रेगे, म्हणजे जमैकाचं संगीत, सुरू! तिकडे रेगेचं भलतंच वेड आहे. कुयी म्हणजे पाणी, कोरड्या वाळूत पावसाच्या भरवशावर मका पिकवणाऱ्यांनी रेडिओला हेच नाव द्यावं, काय बोलणार. होपी फाउंडेशन ही तिथल्याच लोकांनी १९८७ मध्ये काढलेली संस्था, तिने २००० साली हे स्टेशन सुरू केलं. जाहिरातींचा मारा नाही हे बेस्ट. ऑनलाइनपण लागतं, घरी आल्यापासून रोज लावतो.