बेळगावच्या टिळकवाडीतलं रेझ्युमेचं दुकान: पेन्शन आलेल्या फौजींनी जावं का?

आधीच सांगतो, प्रायव्हेट कंपनीत नोकरी बघणार असाल तर जावा. सरकारी भरती नाहीतर बँकेच्या एक्स-सर्व्हिसमन कोट्यातनं फॉर्म भरणार असाल तर उगीच पैसे घालवू नका, तिथं रेझ्युमे कोण बघत नाही, फॉर्म, डिस्चार्ज बुक आणि परीक्षा एवढंच चालतंय.

दुकान बघून काय वाटणार नाही, झेरॉक्स, पॅनकार्ड, पासपोर्टचे फॉर्म, लग्नाच्या पत्रिका सगळं एकाच खोलीत. पण चालवणाऱ्या मॅडम आधी उद्यमबागच्या एका फॅक्टरीत एचआरला होत्या, त्यामुळं कंपनीवाला कागद हातात घेतल्यावर पहिलं काय बघतोय ते त्यांना माहीत आहे. बाकी नेटकॅफेत काय करतात तर जुनी फाईल उघडायची, नाव बदलायचं, वडिलांचं नाव, जात, हॉबी, खाली डिक्लेरेशन, घ्या दीडशे रुपये. आमच्या खानापूर भागातल्या निम्म्या पोरांचा बायोडेटा एकसारखाच आहे, सगळ्यांची हॉबी व्हॉलीबॉल.

मी मराठा लाईट इन्फंट्रीतनं हवालदार म्हणून पेन्शन आलोय, शेवटची वर्षं फौजेतल्या कंपनीचा सीक्यूएमएच, म्हणजे सगळं स्टोअर सांभाळणारा क्वार्टर मास्टर हवालदार होतो. बेळगावात हे सांगितलं की पुढं काय सांगायला लागत नाही, रेजिमेंटचं सेंटर इथंच, दर गल्लीत एक तरी फौजी. पण पुण्याच्या नाहीतर गोव्यातल्या वेर्ण्याच्या कंपनीतल्या पंचवीस वर्षांच्या पोराला त्यातलं काय कळणार? मॅडमनी टाईप करायच्या आधी नुसतं विचारलंच. किती माणसं होती? म्हटलं शंभर-सव्वाशे. त्यांचं काय काय तुमच्याकडं होतं? रेशन, कपडे, बिस्तरा, तंबू, इक्विपमेंट. लेजर कोण लिहायचं? वर्षाला स्टॉक चेकिंग व्हायचं का, कमी पडलं तर जबाबदारी कोणाची? माझीच की वो, दुसऱ्या कोणाची असणार! मग म्हणाल्या, सर, हे सगळं सोडून तुम्ही वर नुसतं "मेहनती आणि शिस्तबद्ध" लिहिलंय, ते तर सगळेच लिहितात. शेवटी पहिल्या पानावर स्टोअर, स्टॉक, इश्यू-रिसीट, ऑडिट, माणसांची ड्युटी लावणं हे आकड्यांसकट आलं आणि रँक खाली एका ओळीत गेली. रँक खाली गेल्यावर जरा टोचलं, खोटं कशाला बोलू, पण स्टोअर सुपरवायझर पाहिजे असणाऱ्याला वरची चार ओळीच वाचायच्या असतात.

काय काढलं ते पण सांगतो. कुठल्या चौकीवर होतो, कुठल्या ऑपरेशनला होतो, युनिटची जागा, हत्यारं किती, हे एक पण ठेवलं नाही. मी सांगायच्या आधी त्यांनीच विचारलं हे लिहायचं असतंय का म्हणून, आणि बरोबरच आहे, असला कागद नोकरीच्या साईटवर टाकला की कोणाच्या हातात जाईल सांगता येत नाही. पीपीओ म्हणजे पेन्शनच्या ऑर्डरचा नंबर, आर्मी नंबर, आधार पण नाही. फायरिंग आणि क्रॉस कंट्रीची मेडल्स एका ओळीत बसवली, त्यावरनं आमचं थोडं वाजलं. कोर्सचं मात्र चांगलं केलं, नुसती शॉर्टफॉर्म न लिहिता त्यात काय शिकवतात ते अर्ध्या ओळीत. नाहीतर आपल्या इथल्या जेएल विंगचं, म्हणजे इन्फंट्री स्कूलच्या ज्युनियर लीडर्स विंगचं नाव आम्हाला केवढं, बाहेर कोणाला माहीत?

एका ठिकाणी मॅडमना मलाच सांगायला लागलं. पंधरा वर्षं सर्व्हिस आणि दहावी असली की फौजेतनं ग्रॅज्युएशनच्या बरोबरीचं सर्टिफिकेट मिळतंय, ते बघून त्यांनी सरळ "ग्रॅज्युएट" टाकलं. तसं नाही चालत. ते सरकारी ग्रुप सी च्या पोस्टसाठी धरतात, युनिव्हर्सिटीची डिग्री ती नव्हे, उद्या कंपनीनं व्हेरिफिकेशन काढलं तर खोटं लिहिलं म्हणून बाहेर काढतील. मग बारावी पास आणि सर्टिफिकेटचं पूर्ण नाव असं लिहून घेतलं. तुम्ही गेलात तर हे स्वतः बघा, फौजेतलं सगळं त्यांना माहीत असेल असं धरून चालू नका.

भाषेचं पण नीट केलं. मराठी, हिंदी येतेच, कन्नड बोलतो पण लिहायला येत नाही, आमची शाळा मराठी. "कन्नड: बोलता येतं" एवढंच लिहिलं. हुबळी, धारवाडकडं सिक्युरिटी सुपरवायझर बघणाऱ्यांनी हे लपवू नये, गेटवरचं रजिस्टर लिहायला दिलं की कळतंयच.

फॉरमॅट एकदम साधा, दोन पानं, फोटो नाही, रंगीत चौकटी नाहीत. मला वाटलं सातशे रुपये घेऊन हे काय! पण मोठ्या कंपन्यांत आधी सॉफ्टवेअर वाचतंय आणि टेबल, डिझाईन असलं की त्याला काही वेळा नीट वाचता येत नाही. पीडीएफ आणि वर्ड दोन्ही फाईल मेलवर देतात, वर्ड मागून घ्याच, पुढं मोबाईल नंबर बदलायला पण परत दुकानात जायला नको.

आता तक्रार. इंग्लिश फार भारी घालतात. "डायनॅमिक, रिझल्ट ओरिएंटेड प्रोफेशनल" असलं वाक्य माझ्या तोंडी शोभतंय का? एचआरनं फोनवर विचारलं तर मला ते म्हणता तरी यायला पाहिजे. मी काढायला लावलं, त्यांनी कटकट न करता काढलं, पण सांगितलं नाही तर तसंच राहतंय. कव्हर लेटरचे दोनशे वेगळे, हे आधी सांगत नाहीत. बसायला एकच खुर्ची, मधेच कोणतरी झेरॉक्सला येतंय आणि आपलं बोलणं तुटतंय. लाईट गेली की सगळंच बंद.

गोकुळ शिरगावच्या एका फॅक्टरीतनं स्टोअरसाठी बोलावणं आलं, इंटरव्ह्यूला अर्धा वेळ लेजर आणि स्टॉक चेकिंगवरच विचारलं. पगाराचं अजून जमायचं आहे, पण बोलायला विषय कागदावरनं मिळाला हे खरं.

दुकानाच्या भरवशावर सगळं सोडू नका मात्र. एडब्ल्यूपीओला, म्हणजे माजी फौजींना नोकरी बघून देणाऱ्या आर्मीच्या संस्थेला नाव घाला, जिल्हा सैनिक कल्याण ऑफिसला जाऊन या, आणि अजून सर्व्हिसमध्ये असाल तर डीजीआरचा (फौजींच्या पुनर्वसनाचं सरकारी खातं) रिसेटलमेंट कोर्स पेन्शन यायच्या आधीच मागा. २०२२ च्या स्कीममधली अग्निवीर पोरं चार वर्षांनी बाहेर पडणार, त्यांच्याकडं दाखवायला वर्षं कमी, त्यांनी तर ट्रेड, कोर्स, कामाची नोंद आत्तापासनंच वहीत ठेवा.

जाताना डिस्चार्ज बुक आणि कोर्सची सर्टिफिकेटं ओरिजिनल न्या, झेरॉक्स तिथं ठेवून येऊ नका, आणि स्कॅन केलेली फाईल त्यांच्या कॉम्प्युटरवरनं समोर उभं राहून डिलीट करायला सांगा. दुपारी बंद असतंय, चारनंतर फोन करून जावा.