लगामाला बक्कल, हुक की झटपट सुटणारा खटका? टांगा-बग्गीवाल्यांसाठी तुलना

टांग्याच्या किंवा वरातीच्या बग्गीच्या घोड्याचा नवा साज करायला टाकला, की कारागीर हमखास विचारतो, "लगामाच्या पुढच्या टोकाला काय लावू?" पूर्वी उत्तर ठरलेलं असायचं, बक्कल. आता स्नॅप हुक, पॅनिक हुक, शिडाच्या होड्यांवरचे स्नॅप शॅकल असं सगळं घरपोच मिळतं आणि प्रत्येकावर 'क्विक रिलीज' लिहिलेलं असतं. घोडा अडकला, पडला, उधळला तर एका झटक्यात सोडवता यावा ही त्यामागची इच्छा अगदी योग्य आहे. पण ही सोय साजात नेमकी कुठे बसवायची, हे ठरवताना बरेच जण चुकीच्या जागी पैसे घालतात.

माझं मत आधीच सांगतो. गाडीच्या घोड्याला बिटच्या, म्हणजे तोंडात बसणाऱ्या धातूच्या दांडीच्या, कडीशी लगाम बक्कलनेच जोडावा. झटपट सुटणारी जोडणी जरूर घ्यावी, पण ती ओढीच्या पट्ट्यांना, म्हणजे घोडा ज्यांनी गाडी ओढतो त्या पट्ट्यांना लावावी.

कारण असं, की गाडीवर बसलेल्या माणसाचा घोड्याशी असलेला मुख्य धागा म्हणजे लगाम. स्वार मांडीने, टाचेने, अंगाच्या भाराने घोड्याशी बोलू शकतो. टांगेवाल्याकडे लगाम, आवाज आणि चाबूक एवढंच असतं. म्हणून जुंपताना लगाम सगळ्यात आधी लागतो आणि सोडताना सगळ्यात शेवटी निघतो. म्होरकी, म्हणजे बिट आणि झापडं धरणारा डोक्यावरचा साज, तर घोडा गाडीत असेपर्यंत काढायचीच नाही. झापडं डोळ्यांवरून उतरली आणि मागची गाडी अचानक दिसली, तर शांत घोडाही बिथरून पळू शकतो. अशा वेळी हातात लगाम नसेल तर पुढचं सगळं नशिबावर. थोडक्यात, संकटात पहिल्यांदा घोड्यापासून गाडी सुटली पाहिजे. लगाम पहिल्यांदा सुटला, तर आपणच संकट वाढवलं.

आता 'झटपट' या शब्दाखाली दोन वेगळे गुण एकत्र विकले जातात, ते निवडून घेऊ. एक, सैल असताना एका हाताने पटकन लावता-काढता येणं. दुसरा, घोडा जिवाच्या आकांताने ओढत असताना, म्हणजे ताणाखाली, सुटणं. पहिला गुण असलेल्या बऱ्याच वस्तूंत दुसरा मुळीच नसतो, आणि दुकानातल्या पाटीवर हा फरक लिहिलेला नसतो.

बक्कल

बक्कल ताणाखाली सुटत नाही. काटा भोकातून काढायला पट्टा आधी आणखी ओढावा लागतो, आणि समोर घोडा ओढत असेल तर ते माणसाच्या ताकदीबाहेरचं काम आहे. पावसात चामडं फुगलं की सैल असतानाही बोटं दुखतात. एवढे दोष मान्य करूनही मी बक्कल का निवडतो? ते आपणहून उघडत नाही, म्हणून. ते चपटं असतं, कशात अडकत नाही, आणि बिघडण्याआधी दिसतं. भोक लांबतं, काटा वाकतो, पट्ट्याचं टोक धरणारं घर सैल होतं. रोज जुंपताना नजर टाकली तरी कळतं.

बक्कलपेक्षा जास्त काळजी त्याच्याजवळच्या चामड्याची घ्या. बिटपाशी लाळ आणि घाम सतत लागतो, त्याने शिवणीचा दोरा कुजतो. पट्टा कडीभोवती जिथे वळतो तिथली घडी उलटी वाकवून पाहा. बारीक चिरा दिसल्या तर तेल चोपडून भागत नाही, ते टोक नव्याने करून घ्यावं लागतं. लगाम तुटला तर बहुधा इथेच तुटतो.

हुक स्टड

यात धातूचा आकडा पट्ट्याच्या आतल्या बाजूला असतो आणि चामड्यातल्या चिरेत अडकतो. बाहेरून काहीच दिसत नाही, त्यामुळे फार नेटका वाटतो. स्वारीच्या म्होरक्यांवर तो शोभतो आणि चालतो. गाडीसाठी मला तो नको, कारण जे नीटनेटकेपण त्याचा गुण आहे तेच इथे दोष ठरतं. चीर ताणून मोठी झालेली वरून कळत नाही. लगाम सैल पडून पट्टा पिळला, तर ढिल्या चिरेतून आकडा निसटू शकतो.

स्नॅप हुक

खरा मोह याचाच. कुत्र्याच्या साखळीला असतो तसा खटक्याचा हुक, कडीला भिडवला की काम झालं. पहाटे अंधारात, गार पडलेल्या बोटांनी जुंपणाऱ्याला त्याचं मोल कळतं.

याचा इतिहासही भक्कम आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या शहरांच्या अग्निशमन दलांत साज छताला टांगून ठेवत. घंटा वाजली की घोडे आपापल्या जागी येऊन उभे राहत, साज वरून पाठीवर पडे, बिजागरीचं गळपट्टं खटक्याने बंद होई आणि लगामही खटक्याच्या हुकांनी बिटला लागत. काही सेकंदांत बंब बाहेर. न्यूयॉर्कमध्ये घोड्यांची शेवटची फेरी २० डिसेंबर १९२२ रोजी ब्रुकलिनमध्ये झाली, तोवर ही पद्धत कसाला लागलेली होती. पण तिथे गरज झटपट *जोडण्याची* होती, सोडवण्याची नव्हे. शिवाय त्या घोड्यांचा आणि साजाचा रोजचा सराव व देखभाल करायला माणसं नेमलेली असत.

सोडवण्याच्या बाबतीत स्नॅप हुक बक्कलच्याच रांगेत उभा आहे. खटका मागे ओढला तरी कडी बाहेर यायला ढील लागते. ताण असेल तर ती आकड्यातच रुतून बसते. आणि ज्या गोष्टीत बक्कल निर्धोक, तिथे हा धोकादायक आहे. घोड्याला थांबलं की डोकं घासायची खोड असते, दांडीवर किंवा जोडीदाराच्या खांद्यावर. खटक्याचं बोंड कशात तरी दाबलं जाऊन हुक उघडतो, किंवा त्याहून वाईट, उघडा आकडा शेजारच्या म्होरकीत अडकतो. दोन्ही घोडे एकमेकांना ओढू लागले की काय होतं, ते सांगायला नको. शिवाय हुकाचं वजन बिटच्या कडीवर लोंबतं आणि दुडक्या चालीत खुळखुळतं. मऊ तोंडाच्या घोड्याला त्याचा त्रास होतो.

घ्यायचाच असेल तर ओतीव जस्ताच्या मिश्रधातूचा घेऊ नका. वर चकचकीत मुलामा असतो, आत ठिसूळ माल. झटका बसला की वाकायच्या ऐवजी तो मोडतो. भरीव पितळ किंवा स्टेनलेस स्टील घ्या. कोकणात, समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत ३१६ दर्जाचं स्टील ३०४ पेक्षा जास्त टिकतं, कारण त्यात मॉलिब्डेनम असतं. आतली स्प्रिंग मात्र कोणत्या धातूची आहे ते वेगळं विचारा. बाहेरचं अंग शाबूत आणि आत स्प्रिंग गंजलेली, हा नेहमीचा प्रकार आहे.

पॅनिक हुक आणि स्नॅप शॅकल

या दोन वस्तू खऱ्या अर्थाने ताणाखाली सुटतात. पॅनिक हुकावर एक नळी असते, ती सरकवली की आकडा पडतो. स्नॅप शॅकलमधली खिळी दोरीने ओढली की जबडा उघडतो. आणि नेमकं म्हणूनच लगामावर यांना जागा नाही. फांदीत, झुलीच्या झालरीत, जोडीदाराच्या म्होरकीत ती दोरी अडकली की धावत्या गाडीचा एक लगाम गेला. उरलेला एकच ओढला तर घोडा गर्रकन वळतो आणि दोन चाकांची गाडी सहज उलटते.

यांची जागा ओढीच्या पट्ट्यांच्या मागच्या टोकाला, गाडीच्या आडव्या दांड्यापाशी. परदेशातल्या गाडी हाकण्याच्या शर्यतींत, विशेषतः अडथळ्यांच्या फेरीत, स्नॅप शॅकल तिथेच लावतात. घोडा पडला तर एकाने पाठीच्या बाजूने जाऊन मानेवर, कानामागे गुडघा टेकून डोकं खाली धरायचं. डोकं उचलल्याशिवाय घोड्याला उठता येत नाही. दुसऱ्याने ओढीचे पट्टे, दांड्यांचे पट्टे आणि उतारावर गाडी थोपवणारा मागचा पट्टा सोडायचा, गाडी मागे ढकलायची. लगाम तेव्हाही लागलेलाच असतो, कारण घोडा उभा राहताक्षणी तो धरायचा आहे. इथे ताणलेल्या बक्कलशी झगडण्यात वेळ जातो, तो शॅकल वाचवतं. तरी साजात धारदार सुरी हवीच. नायलॉनचे पट्टे असतील तर ती आणखी गरजेची, कारण चामडं अतिताणाने तुटतं तरी, जाड नायलॉन सहसा तुटत नाही.

जोडीच्या लगामाचं वेगळं

दोन घोड्यांच्या लगामात आतल्या पट्ट्यांची लांबी भोकाभोकाने जुळवलेली असते. तिथे एका टोकाला हुक लावला आणि दुसऱ्याला नाही, तर तेवढ्या लांबीने एक घोडा बाहेर तोंड करून चालतो. बदल करायचा तर चारही टोकांना एकाच मापाचा करा आणि जुळणी पुन्हा पाहा. पाठीवरच्या गादीच्या कडीतून ते टोक जातं का, हेही आधी बघा. मोठा हुक जात नाही, मग लगाम हाताकडच्या टोकाने ओवावा लागतो.

हाताकडच्या या टोकाला मात्र सहज सुटणारी जोडणी मला पटते. दोन्ही पट्टे तिथे जोडलेले असले की एक हातून निसटून खाली पडत नाही. पण गाडी उलटली तर तोच फास पायात किंवा ब्रेकच्या दांड्यात अडकतो. जाड बक्कलऐवजी माणसाच्या भाराने तुटेल अशी बारीक चामड्याची वादी बांधली की दोन्ही साधतं. वादी काही रुपयांची, दर पावसाळ्यानंतर बदलायची.

माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे मोटारींना बंदी आहे आणि घोडेवाला घोडा धरून पायी चालतो, तिथे हा हिशोब बदलतो. मागे गाडी नाही, माणूस तोंडापाशीच आहे. धरायच्या दोरीला पॅनिक हुक उत्तम. खुंट्याला बांधताना तर हुकाचीही गरज नाही, सुरगाठ मारावी आणि मोकळं टोक हाताशी ठेवावं.

तेव्हा एकट्या घोड्याचा टांगा असेल तर लगामाला बक्कल, ओढीला शॅकलची जोडी, हाताशी वादी. जोडीची बग्गी असेल तरी हेच, आणि वरातीत फटाके-बँड असतात म्हणून शॅकलच्या खिळीची दोरी आखूड ठेवून आतल्या बाजूला वळवलेली. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर ओढीचे शॅकल आधी घ्या.

विकत घेण्यापूर्वी दुकानातच एक चाचणी करून पाहा. जोडणीचं एक टोक खांबाला बांधा, दुसरं दोघांनी मागे झुकून ओढून धरा आणि तिसऱ्याला ओल्या हाताने सोडायला सांगा. मग तीच जोडणी सैल सोडून खांबावर सगळ्या बाजूंनी घासा. ओढीसाठी पहिल्या चाचणीत सुटणारी पाहिजे, लगामासाठी दुसऱ्या चाचणीत न सुटणारी.