इंग्लंडमधली रस्त्यावरची झडती: कलम १ आणि कलम ६०
१९८४ च्या पोलीस कायद्यातल्या कलम १ खाली झडती घ्यायची तर चोरीचा माल, हत्यार अशी वस्तू जवळ असल्याचा वाजवी संशय लागतो; नुसता वर्ण किंवा वय हे कारण चालत नाही. १९९४ च्या कायद्यातल्या कलम ६० ला तसा संशय लागतच नाही. अधिकारी ठरावीक भागासाठी २४ तासांची मंजुरी देतो, ती ४८ तासांपर्यंत वाढवता येते. कोणाला थांबवायचं हे पोलिसाच्या नजरेवर सोडलं की पूर्वग्रहाला मोकळं रान मिळतं. कृष्णवर्णीय तरुणांना गोऱ्यांपेक्षा जास्त वेळा थांबवलं जातं, आणि ही तफावत म्हणूनच कलम ६० मध्ये अधिक रुंद आहे. कलम १ मध्येही ती आहेच, पण संशयाचा आधार निदान तपासता येतो. झडतीपुरतं नाव-पत्ता सांगणं दोन्हींत बंधनकारक नाही. पोलिसांनी केलेल्या झडतीच्या नोंदीची प्रत मात्र ३ महिन्यांच्या आत मागून घ्यावी. तक्रारीत तीच कामी येते.