डॉक्युमेंटमधून ईमेल-फोन काढायचेत? रेजेक्स, लायब्ररी, एनईआर की एलएलएम

फोल्डरभर पीडीएफ, वर्ड फायली, स्कॅन केलेली पानं आणि त्यातून नाव, फोन, ईमेल, पत्ता उचलून एका शीटमध्ये भरायचंय, तर रेजेक्स (म्हणजे मजकुरातला ठरावीक आकार शोधणारा पॅटर्न) लिहायचा का तयार लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड) घ्यायची का सरळ एलएलएमला, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या भाषेच्या मॉडेलला, पान देऊन मोकळं व्हायचं? माझं मत आधीच सांगून टाकतो, सगळ्याला एकच टूल शोधत बसू नका. ईमेलचं दुखणं वेगळं, फोनचं वेगळं आणि नाव-पत्त्याचं तर विचारूच नका.

ईमेलला रेजेक्स पुरे. नियमाप्रमाणे ॲटच्या आधी ६४ कॅरेक्टर चालतात, अवतरणचिन्हात स्पेससुद्धा चालते, पण ते सगळं पकडणारा अगडबंब पॅटर्न नेटवरून उचलू नका, तसले पत्ते सहसा कोणी वापरत नाही आणि काही पॅटर्न तर लांबलचक मजकुरावर अडकूनच बसतात. सैलसर पॅटर्नने उचला आणि मग साफ करा, म्हणजे शेवटी चिकटलेला पूर्णविराम काढा, दोन ओळींत तुटलेला पत्ता जोडा. जुन्या पॅटर्नमध्ये शेवटच्या डॉटनंतर दोन ते चारच अक्षरं धरलेली असतात, तिथे डॉट टेक्नॉलॉजीवाला पत्ता कापला जातो नाहीतर सुटतोच.

फोन मात्र नुसत्या रेजेक्सवर सोडू नका. ई.१६४ या स्टँडर्डप्रमाणे कंट्री कोड धरून जास्तीत जास्त १५ आकडे, म्हणून कोणी 'सात ते पंधरा आकडे' असा पॅटर्न लिहितं आणि मग बिल नंबर, खाते नंबर, ऑर्डर नंबर सगळे फोन म्हणून शीटमध्ये येऊन बसतात. इथे गूगलची लिबफोननंबर लायब्ररी सरळ सरळ वरचढ आहे, कारण तिला देशोदेशीचे नंबर कसे असतात ते माहितीये, कंस, डॅश, स्पेस काहीही असलं तरी चालतं, आणि जावामध्ये किंवा पायथॉनच्या फोननंबर्स पॅकेजमध्ये अख्खा मजकूर दिला की नंबर शोधून देते. किती कडक तपासायचं तेही ठरवता येतं, 'पॉसिबल' ठेवलं तर मुख्यतः लांबी बघते, 'व्हॅलिड'ला नंबरची रचना त्या देशाशी जुळायला लागते. गोची एकच, नंबरला सुरुवातीला प्लस नसेल तर डिफॉल्ट देश तुम्हालाच सांगावा लागतो, तो चुकला की नंबर गळतो किंवा भलत्याच देशाचा होतो. आणि व्हॅलिड म्हणजे नंबर चालू आहे असं नाही हां. जाता जाता, देवनागरी आकडे असतील तर पायथॉनचा आकड्यांचा पॅटर्न ते उचलतो, जावास्क्रिप्टचा नाही, तोच रेजेक्स दोन्हीकडे टाकला की उत्तरं वेगळी.

नाव आणि पत्ता यांना ठरावीक आकारच नसतो त्यामुळे तिथे रेजेक्स विसरा, एनईआर मॉडेल लागतं, म्हणजे वाक्यातली माणसांची, संस्थांची, ठिकाणांची नावं ओळखणारं मॉडेल. स्पेसी या पायथॉन लायब्ररीच्या तयार इंग्रजी मॉडेलमध्ये व्यक्ती, संस्था, ठिकाण मिळतं पण फोन हा प्रकार नाही. पत्त्याचे तुकडे (घर नंबर, रस्ता, शहर असे) पाडायला लिबपोस्टल नावाचं टूल चांगलं, पण ते मेमरी भरपूर खातं आणि मजकुरात पत्ता कुठे आहे ते शोधून देत नाही, तो तुम्हीच काढून द्यायचा.

मग एलएलएम कशाला? खरी अडचण नंबर शोधणं नाहीच, तो कोणाचा हे ठरवणं आहे! एका लेटरहेडवर तीन माणसं, दोन फोन, एक फॅक्स असेल तर रेजेक्स आणि एनईआर दोघंही नुसती यादी देतात, जोड्या लावत नाहीत, आणि ते काम एलएलएम बऱ्यापैकी करतं, प्रत्येक पानाचा लेआउट वेगळा असला तरी. पण ते कधीकधी आकडा बदलतं किंवा नसलेला ईमेल 'अंदाजाने' बनवून देतं, म्हणून आलेली प्रत्येक व्हॅल्यू मूळ मजकुरात सापडते का हे कोडने तपासायचंच, फोनला स्पेस-डॅश काढून, आणि नाही सापडली तर फेकायची. शिवाय लोकांची खाजगी माहिती बाहेरच्या सर्व्हरवर जाणार, ते चालणार नसेल तर लोकल मॉडेल नाहीतर हा पर्याय बादच.

यातलं काहीही निवडा, आधीची पायरी बिघडली तर उपयोग नाही. दोन कॉलमच्या पीडीएफमधून टेक्स्ट काढताना डावी-उजवी ओळ एकत्र झाली की एकाचा फोन दुसऱ्याच्या नावाला चिकटतो, ओसीआरमध्ये (स्कॅनच्या चित्रातून अक्षरं वाचताना) शून्याचा इंग्रजी ओ होतो. पीडीएफमध्ये ईमेलवर क्लिक होत असेल तर आतली लिंक वाचा, ती दिसणाऱ्या टेक्स्टपेक्षा बहुतेक वेळा स्वच्छ असते.

मी असतो तर ईमेलला रेजेक्स, फोनला लिबफोननंबर आणि फक्त जोड्या लावायला एलएलएम असं ठेवलं असतं. काढलेल्या नंबरांवर मेसेज पाठवायचे असतील तर कडक सेटिंग ठेवा, चुकीच्या माणसाला मेसेज जाण्यापेक्षा चार नंबर सुटलेले बरे. पण डॉक्युमेंट शेअर करण्याआधी खाजगी माहिती झाकायची असेल तर बरोब्बर उलटं, सैल ठेवा, आणि मग मायक्रोसॉफ्टचं प्रेसिडिओ बघा, ते रेजेक्स आणि एनईआर दोन्ही वापरतं आणि आजूबाजूला 'फोन'सारखा शब्द असला की स्कोर वाढवतं.